मोजणीतला नववा नंबर

राहुरीच्या एसटी स्टँडसमोर पंक्चरचं एक दुकान आहे. परवा बसची वाट पाहत तिथं उभी होते. दुकानदारानं ट्रकची जुनी ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबली, बुडबुडे वर आले, आणि ओल्या रबराचा वास उन्हात पसरला. मी तिथून मागं सरकले. शेजारच्या बाकड्यावर टेकले तेव्हा एका बाईंनी विचारलं, "चक्कर आली का वं?" मी हो म्हटलं, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता. मुळा धरणाच्या पाण्यातली एक दुपार अशी कुठूनही येते.

लग्नानंतरची काही वर्षं मी एका छोट्या बेटांच्या देशात शाळेत शिकवत होते. नवऱ्याची नोकरी तिथं होती. चहूकडे समुद्र, आणि मी मात्र घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही. पाण्याची भीती मला लहानपणापासूनची. भाषा मात्र तिथली छान शिकले, आणि नगरला परतल्यावर तीच भाषा अचानक उपयोगी पडली. त्या देशाच्या समुद्री पायदळाची एक तुकडी काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आपल्याकडे आली होती आणि दुभाष्या मिळत नव्हता. कुणीतरी माझं नाव सुचवलं. घरी बसून कंटाळले होते, लगेच हो म्हणाले.

आठ जण होते. त्यांच्या देशाचं हे दल इतकं लहान, की प्रत्येक जण दुसऱ्याला बापाच्या आणि बेटाच्या नावानं ओळखायचा. एका बोटीत आठ माणसं, आणि अशा एकेका बोटीच्या भरवशावर आसपासची सगळी बेटं. वादळात सापडलेल्या कोळ्यांना ओढून आणायचं यांनीच, अडलेल्या बाळंतिणीला मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात पोचवायचं यांनीच, चोरटा माल घेऊन येणाऱ्यांना अडवायचं यांनीच. उद्या कुणी चालून आलं, तर किनाऱ्यावर आधी उतरून लढायचंही यांनीच. मागून कुमक येईल असं त्यांच्या बोलण्यात कधीच नसे, कारण मागे कुणी नव्हतंच. म्हणून त्यांच्या शिकवणीत मोजणीला फार मान. बोटीतून उतरलं की मोजणी, किनाऱ्याला लागलं की मोजणी, पाण्यात पडलं तर डोकं वर येताच मोजणी. प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा. सगळे आकडे आल्याशिवाय कुणी पुढे हलायचं नाही.

त्यांचा नायक, म्हणजे तुकडीचा प्रमुख, नंबर एक होता. तिशीतला, कमी बोलणारा, हसताना मान खाली घालणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "टीचर, तुम्ही नऊ." मी हसले. तो हसला नाही.

पायदळाचं काम ते नगरच्या बाहेरच्या उघड्या माळांवर शिकले. नकाशा, गोळीबार, पाठीवर ओझं घेऊन लांबलांब चालणं. बोटीचा सराव मुळा धरणावर होता. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते, पाणी बरंच उतरलेलं. उस्ताद, म्हणजे आपल्याकडचे लष्करी प्रशिक्षक, काठावरून वॉकी-टॉकीवर हिंदीत सूचना देणार आणि मी बोटीत बसून त्या त्यांच्या भाषेत सांगणार, असं ठरलं. आदल्या रात्री मी ताट तसंच ठेवून उठले. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, ऊन लागलंय.

काठावर एक म्हातारा मासेमार जाळं नीट करत बसला होता. तिथले लोक ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून हातानं पाणी मारत मासे धरायला जातात, त्यांतला. आमची रबरी बोट बघून तो माझ्यापाशी आला. "बाई, वारं लई सुटलंय. आज नगा जाऊ. त्या अंगाला पान्याखाली बाभळीचं खुटं हायेत. दिसत न्हाईत, पन फाडत्यात."

मी ते उस्तादांना सांगितलं. ते साताऱ्याकडचे, सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, यांना उद्या समुद्रात जायचंय. समुद्र काय वारा पडायची वाट बघतो? लाइफ जॅकेट घट्ट बांधा." मला म्हणता आलं असतं, मला भीती वाटते, मी येत नाही. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. पण आठ जण बोटीपाशी माझी वाट बघत उभे होते. मी जॅकेट बांधलं आणि चढले.

अर्धं अंतर गेल्यावर वारा आडवा झाला. बोट एकीकडे सरकायला लागली, वल्ही मारणाऱ्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. वॉकी-टॉकीत उस्तादांचा आवाज खरखरला, "बाएँ लो, बाएँ." मी डावीकडे म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात खालून कापड टरकावल्यासारखा आवाज आला. बोटीची एक बाजू बसली, वाऱ्यानं दुसरी उचलली, आणि आकाश माझ्या पायांखाली गेलं.

पाणी इतकं गार असेल असं वाटलं नव्हतं. नाकातोंडात गेलं, कानांत गेलं, मग जॅकेटनं मला वर फेकलं. हाताला काहीतरी काटेरी लागलं ते मी धरलं. पाण्यावर आलेल्या बाभळीच्या शेंड्याला लटकले होते. समोर उलटी झालेली बोट, आणि तिच्या पलीकडून मोजणी सुरू झाली. एक. दोन. तीन. आवाज शांत होते, वर्गातल्या हजेरीसारखे. सात. आठ. मग थांबले.

माझी पाळी होती. मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. भीतीनं किंचाळी फुटते असं मी ऐकत आले होते. माझ्या भीतीनं गळ्यातली वाटच बंद केली. पुन्हा मोजणी झाली. पुन्हा आठवर थांबली. त्यांच्या माझ्यामध्ये दहा-बारा हातांचं अंतर होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं मी बोटीखाली अडकून मरत होते. मला सगळं कळत होतं. काटे तळहातात रुतलेले कळत होते. तरी आवाज येईना.

नायकानं बुडी मारण्यासाठी स्वतःचं जॅकेट काढलं. हे मला नंतर कळलं.

म्हाताऱ्यानं मला पाहिलं तो ट्यूबवरून हात मारत येताना. "हितं हाय बाई! जिती हाय!" तो ओरडला. शब्द कुणाला कळले नाहीत, त्यानं माझ्याकडे रोखलेलं बोट कळलं. दोघांनी येऊन मला धरलं, आणि तिसऱ्यांदा मोजणी झाली. या वेळी पहिलाच आकडा आला नाही.

तेव्हा मला आवाज फुटला. "एक! एक कुठाय?" मी त्यांच्या भाषेत ओरडले, मराठीत ओरडले, काय काय ओरडले आठवत नाही. म्हातारा मात्र पाण्याकडे बघत होता. त्याचं दुसरं जाळं त्या खुंटांमध्ये लावलेलं होतं आणि त्याचे तरंगणारे डबे भलतीकडे ओढले जात होते. कमरेचा विळा काढून तो पाण्यात उतरला, पाठोपाठ नंबर दोन. स्वतःचं जाळं त्यानं उभं कापलं. दोघांनी नायकाला वर आणलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि उजवा पाय गुडघ्यापासून विचित्र वळला होता. किती वेळानं तो खोकला, मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मी म्हातारी झाले.

दवाखान्यात मी रोज जात होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बोटीतून उडी मारणं आता संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते वाक्य भाषांतर करून त्याला सांगायचं कामही माझंच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मी जवळच होते. मोजणी ऐकत होते. मला बोलता आलं नाही."

त्यानं पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "टीचर, पहिल्या आठवड्यात तुमच्या त्या माळावर चालताना माझे हातपाय गार पडले होते. जिकडे बघावं तिकडे जमीन. शेवटच नाही. आमच्याकडे कुठूनही चाललं की थोड्या वेळात पाणी लागतं. मला वाटलं, मी इथं हरवणार."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी नंबर एक होतो," तो म्हणाला, आणि मान खाली घालून हसला.

तो तुकडीच्या आधी एकटाच मायदेशी परतला. म्हाताऱ्याला नवं जाळं उरलेल्या सात जणांनी दिलं, त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "बारीक हाय, पन चालंल." काही वर्षांनी नायकाचा निरोप आला. नव्या पोरांना तोच शिकवतो. प्रत्येकाच्या जॅकेटला आता दोरीनं एक शिट्टी बांधलेली असते. घाबरलेल्या माणसाला बोलता येत नाही, पण श्वास सोडता येतो, असं तो त्यांना पहिल्या दिवशी सांगतो. कुणाकडून शिकलो हे मात्र सांगत नाही, असंही त्यानं लिहिलं होतं.

मी अजून पाण्यात उतरत नाही. वाढत्या वयाबरोबर भीती कमी होते म्हणतात; माझी झाली नाही, तिनं फक्त घरं बदलली. गेल्या आठवड्यात तपासणीच्या फोटोत डॉक्टरांना एक लहानशी सावली दिसली. काही नसेलही, म्हणाले, पण बघायला हवं. रिक्षात बसल्या बसल्या मी पुण्याला मुलीला फोन लावला. ती ऑफिसात होती, घाईत होती. "काय गं आई, सगळं ठीक ना?" तिनं विचारलं. ठीक आहे, हे दोन शब्द तयारच होते. मी ते गिळले.

"ठीक नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. "बोल," ती म्हणाली, "मी ऐकतेय."