आमचंबी दूध

माझे वडील चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर बोलायला उभे राहिले की माझी आई तोंडाला पदर लावून खाली बघायची. कारण त्यांचं भाषण म्हणजे एकच वाक्य. "पाऊस पडो न पडो, पोरीला शाळेत घाला. पीक येवो न येवो, पोरीला शाळेत घाला. पाहुण्यांना नावं ठेवू द्या, पोरीला शाळेत घाला." घरी आल्यावर आई करवादायची, "टेप अडकली व्हती का तुमची? तेच ते, तेच ते!" वडील निवांत भाकरी मोडत म्हणायचे, "अगं, खुंटा एका घावात बसतो व्हय?"

त्या खुंट्यालाच मी बांधलेली. शिकले, शाळेत बाई झाले, आणि पाटोद्याकडच्या एका गावात सून म्हणून आले. तिथं पोरांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. पोरं चांगली चांगली वाक्यं पाठ करायची आणि बक्षीस न आणता परत यायची. मी म्हणायचे, बाळांनो, एक वाक्य धरा आणि सोडू नका. हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुम्ही पोरांना भाषण शिकवता का पाढे? मी म्हणायचे, सर, पाढे तुम्हाला अजून येतात, भाषण आठवतं का एखादं? मग ते रजिस्टर बघायला लागायचे.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्यांची सगळी दौलत म्हणजे दारातली एक गाय. त्या वर्षी पावसाळा नुसता नावाला आला होता. भाद्रपदात चैतासारखं ऊन, पाण्याला टँकर, आणि गायीला विकतचा कडबा. तरी गाय दूध द्यायची, आणि आत्या रोज सकाळी किटली घेऊन गावातल्या दूध संस्थेत जायच्या.

आता संस्थेच्या ओट्यावरची रीत सांगते. आधी गावाचं दूध, मग मळ्यांवरचं, आणि सगळ्यात शेवटी आमच्या बौद्ध वस्तीचं. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि कुणी तोंडावर म्हणतही नव्हतं. किटली पुढं सरकवली की माप घेणारा म्हणायचा, "थांब जरा." बस्स, एवढंच. पण 'थांब जरा' रोज ऐकलं की माणसाला तेही पटतं हो! मी लग्न होऊन आले तेव्हा आत्या सगळ्यांच्या आधी पोचायच्या आणि आपण होऊनच भिंतीकडेला जाऊन उभ्या राहायच्या. मला त्याचा इतका संताप यायचा की सांगता सोय नाही.

त्या उन्हात नंबर येईपर्यंत दूध नासायला लागलं. माप घेणारा हुंगायचा आणि किटली परत द्यायचा. असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तसं सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एकदा जेवताना विषय काढला. "कडबा इकत आणायचा अन् दूध गटारीत वतायचं, हे काय खरं न्हाई. येत्या बाजाराला गाय न्यावी म्हंतो." आत्या उठून गायीपाशी गेल्या आणि तिथंच बसून राहिल्या. त्यांचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध परत आलं. आत्यांनी किटली अंगणात आदळली आणि ओरडल्या, "आमचंबी दूध पांढरंच हाय की! मग आमचा नंबर शेवटी कावून?"

मी म्हटलं, "आत्या, हेच. आता हे सोडायचं नाही."

चार दिवसांवर संस्थेची वार्षिक सभा होती. आत्या सभासद होत्या, पण सभेला कधी गेल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडून भाषण तोंडपाठ करून घेतलं. त्या धार काढायच्या आणि मी शेजारी बसून सांगायचे. "पेंड आमी संस्थेचीच घालतो, आमचंबी दूध पांढरंच हाय. फॅट तुमच्याच मशीनवर लागती, आमचंबी दूध पांढरंच हाय. मोठ्या कॅनमधी तुमीच वतता, आमचंबी दूध पांढरंच हाय." आत्या म्हणायच्या, "बाई बाई, लोक हसतील की." मी म्हणायचे, "हसू द्या. हसायला का होईना, ऐकतील तरी."

सभा शाळेच्या पटांगणात भरली. चेअरमन साहेब बोलायला लई वस्ताद. दर दोन मिनिटांनी ते हात वर करून विचारायचे, "संस्था कुणाची?" लोक चिवडा खात ओरडायचे, "आमची!" मग सचिव एकेक ठराव वाचायचे, चेअरमन विचारायचे, "मंजूर?" आणि पटांगण म्हणायचं, "मंजूर, मंजूर!" काय मंजूर झालं हे विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, मागच्या सभेतल्या चुका मंजूर. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले, आणि मी आत्यांना कोपरानं ढोसलं.

आत्या उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर ओढला. सगळे मागं वळून बघायला लागले, आणि आत्या पाठ केलेलं सगळं विसरल्या. मी खालून "पेंड, पेंड" म्हणत होते, पण त्यांना काही ऐकू येईना. गाय गेलीच, असं मला वाटलं.

"आमचंबी दूध पांढरंच हाय," आत्या म्हणाल्या.

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मग काय काळं असतंय व्हय?"

"आमचंबी दूध पांढरंच हाय."

"हाय की मावशी," चेअरमन हसत म्हणाले, "पण विषय काय हाय तुमचा?"

"आमचंबी दूध पांढरंच हाय," आत्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी आवाज चढला होता, आणि कुणी हसलं नाही. चिवडा खाणारे हातसुद्धा थांबले. विषय काय आहे हे त्या पटांगणात प्रत्येकाला ठाऊक होतं. आत्यांनी आणखी एकदा तेच म्हटलं, हळू, जणू गायीलाच सांगावं तसं.

तेव्हा मळ्यावरची एक बाई बसल्या जागेवरून बोलली. "खरं हाय तिचं. मी तिच्या मागनं येते अन् रोज तिच्या म्होरं जाते. मला कुणी थांब म्हनत न्हाई."

तिचा नवरा तिच्याकडं बघतच राहिला. चेअरमन साहेबांनी घाम पुसला. मिटवून टाकावं म्हणून घाईघाईनं म्हणाले, "बरं बरं. जो आधी येईल त्याचा नंबर आधी. मंजूर?"

"मंजूर, मंजूर!" पटांगण ओरडलं. सवयच ती! काहींच्या नंतर लक्षात आलं आणि ते एकमेकांकडं बघायला लागले. पण सचिवांनी लिहूनसुद्धा टाकलं होतं. वर्षानुवर्षं चेअरमननीच घोटून घेतलेला शब्द लोकांच्या तोंडून निघाला, त्याला मी काय करू? मला इतकं हसू आलं की चिवडा नाकात गेला.

रात्री मामा म्हणाले, "एक बाजार थांबू." आत्या त्या दिवशी दोन भाकरी जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मीही मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. सभेतलं मंजूर वेगळं आणि ओट्यावरचं वेगळं, हे मलाही कळत होतं. आम्ही पहिल्याच होतो. आत्यांचे पाय सवयीनं भिंतीकडं वळले, तशी मी त्यांचा दंड धरला. त्या वळल्या आणि किटली ओट्यावर ठेवली. मागं रांग लागली होती, मळ्यावरची ती बाईही होती. माप घेणाऱ्यानं वर बघितलं. तोही सवयीचाच माणूस.

"थांब ज..." त्याच्या तोंडातून निघालं.

आत्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"पांढरं हाय, पांढरं हाय!" तो दोन्ही हात जोडत म्हणाला. "म्हाईत हाय मला. वत, माय."