एमनंतरच्या खुणा

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जिलानीभाई डिक्शनऱ्यांची लग्नं लावतो. म्हणायला धंदा बाइंडिंगचा. पण गावोगावची पोरं परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांशी वर्षभर अशी झटतात, की डिक्शनरीचा पुढचा तरी भाग जातो, नाहीतर मागचा. जिलानीभाई रद्दीतून अशी लंगडी पुस्तकं उचलतो. एकाचं एपासून एलपर्यंत, दुसऱ्याचं एमपासून झेडपर्यंत. पाठ शिवायची, खळ लावायची, दाबाखाली ठेवायची. गिऱ्हाईकाला सांगूनच देतो, "दोन घरची हाय, पण नांदती." त्याला स्वतःला इंग्रजीत सहीपलीकडे काही येत नाही आणि पस्तीस वर्षांत त्यावाचून अडलंही नाही.

दिवाळी सरल्यावर निलंग्याकडचे किशनराव दुकानात आले. त्यांची वर्षाराणी लातुरात खोली करून राहायची, भरतीच्या परीक्षा द्यायची. ऑगस्टात डेंग्यूनं गेली. खोलीवालीनं पुस्तकं रद्दीत घातली आणि रद्दीवाल्यानं या दुकानाचं नाव सांगितलं.

"रोज दहा शब्द करायची," किशनराव म्हणाले. "पेन्सिलीनं टिक अन् बाजूला तारीख. तिच्या हातचं तेवढंच हाय."

जिलानीभाईचा चेहरा उतरला. पहिल्या पानावर नाव होतं म्हणून पुस्तक लगेच सापडलं. "पुढचं तुमच्या लेकीचंच. मागचं वाळवीनं खाल्लं होतं, मी सप्टेंबरात दुसरं जोडलं. कोरं होतं. गलती झाली, भाऊ."

"तिचं कुठवर झालं होतं?"

त्यानं एलची पानं उलटली. सतरा ऑगस्टच्या दहा टिका होत्या. त्याखाली अठराच्या. त्याखाली एकोणीसच्या.

"एकोणीसला तर माती झाली," किशनराव हळूच म्हणाले.

जिलानीभाईनं जोडाचं पान उलटलं. एमवर टिका होत्या, एनवर होत्या, बारीक, उजवीकडं कललेल्या. रविवारचाही खाडा नव्हता. पीमध्ये कालची तारीख होती. पुस्तक तर दोन महिने वजनाखाली दाबलेलं होतं, त्यानंच दाबलेलं. कुण्या गिऱ्हाईकाची मस्करी म्हणावी, तर तिथं कुणाचा हात पोचत नव्हता.

किशनरावांनी पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. पैसे जिलानीभाईनं घेतले नाहीत.

जानेवारीत ते परत आले. बारीक झाले होते, पण दाढी घोटलेली.

"डब्ल्यू संपत आलं," ते म्हणाले. "आठ पानं राहिली. झेड झाल्यावर काय करंल वो ती?"

जिलानीभाईला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग त्यानं पानं पाहिली आणि वाटलं, आपलं तरी कुठं ठिकाणावर हाय.

"मागं आणखी एक जोडता?" किशनराव म्हणाले. "ती करीत राहील."

"जोडतो की. एपासून पुन्हा." त्यानं ढिगातून त्याच मापाची डिक्शनरी काढली, सुईत दोरा ओवला, आरीनं पाठीला पहिलं भोक पाडलं.

"थांबा," किशनराव म्हणाले. "न्हाई जोडायचं."

"का वो?"

"शेवटाला आली म्हणून खुशीत असंल. लहानपणी पाढे संपवले की पळत सांगायला यायची. अन् बापानं पुढं नवं पुस्तक लावून ठेवायचं, हे बरं न्हाई."

"संपल्यावर जाईल ती, किशनराव."

"जाईल."

जिलानीभाईनं दोरा ओढून काढला. भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि पुस्तक पिशवीत घालून दिलं. निलंग्याची एसटी सव्वातीनची होती. तो स्टँडपर्यंत सोबत गेला.

बाकावर बसल्याबसल्या किशनरावांच्या मांडीवरच्या पिशवीतून बारीक खरखर आली. पेन्सिलीला नवं टोक काढलेलं असलं की येते तशी. गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा विचारलं. किशनरावांनी हातानंच नाही म्हटलं.

"आजचे दहा हायत," ते जिलानीभाईला म्हणाले. "हलवलं की चुकायची. पुढच्या गाडीनं जाऊ."

जिलानीभाई त्यांच्या शेजारी बसला आणि गाडी गेली.