पापडीच्या वाडीत गाडी अडली

साताऱ्याहून निघताना माझ्या मुलानं, अभयनं, खिडकीत डोकं घालून पुन्हा बजावलं, "आई, लक्षात आहे ना? वाटेत एकदा जरी बंद पडली, तरी विकायची."

"हो रे बाबा, शब्द दिलाय! आता डोकं बाहेर काढ, मला काच लावायचीय."

गाडी जुनी, मी साठी ओलांडलेली आणि वसई लांब. पण ही गाडी गेली की देवळात जायलासुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी गाडीला वाटेत लाडीगोडी लावत, घोडबंदरच्या कोंडीत चुचकारत, दुपारी विरारला बोळिंजमध्ये आणली. तिथं माझी नोकरीतली मैत्रीण सुलभा राहते. तिनं मला वर येऊच दिलं नाही. बिल्डिंगखालीच गाडीत बसली आणि म्हणाली, "आधी माझ्या माहेरी चल. चहा तिथंच."

माहेर पापडीला. चर्च मागं टाकून वाडीत (घराभोवतीच्या बागायतीत) शिरलो आणि उन्हातून एकदम सावलीत आलो. नारळ, केळी, सोनचाफा, आणि मधोमध बावखल (पाण्याचं तळं). मी नुसती बघत राहिले. सुलभाचे भाऊ वसंतदादा लुंगी सावरत आले. "ताई, गाडीतलं गाणं बंद करू नका. छान आहे," म्हणाले. मीही खुशीत चावी तशीच ठेवली.

चहाबरोबर सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) आली. मी दोन खाल्ली, मग लाज सोडून आणखी खाल्ली. तोवर इकडे गाडीची चारही दारं आणि डिकी उघडून दादांनी भरायला सुरुवात केली होती. नारळ, केळीचे घड, अळूची जुडी. शेजारचे बस्त्याव दुधी घेऊन आले. दादा आणि ते आपल्या बोलीत काहीतरी बोलून हसत होते; मला ओ की ठो कळलं नाही, पण डिकीत आणखी एक घड गेला. मी "अहो पुरे!" म्हणायची आणि सगळे आणखी काहीतरी आणायला जायचे. असं उन्हं कलेपर्यंत चाललं.

निघायला बसले, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक टक टक. पुढं काहीच नाही.

"पेट्रोल संपलं?" दादा.

"सेल्फ गेला असेल," बस्त्याव.

"थांबा हो, दिवे लावते, तुम्ही समोरून बघा." दिवे जेमतेम मिणमिणले आणि चावी फिरवताच विझले. म्हणजे बॅटरीच. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर होता. दादांनी नारळाच्या सोडणानं (वरच्या काथ्यानं) घासून काढला, बस्त्यावनी नट आवळले. तरी टक टक.

तेवढ्यात सुलभानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! गाणी थांबलीयत केव्हाची!" दुपारभर गाणी चालू, पंखा चालू, उघड्या दारांमुळे आतले दिवे चालू. आमच्या पाहुणचारात बिचारी बॅटरी संपली होती.

नेमका अभयचा फोन. सुलभा कुजबुजली, "सांग, देवळात आहोत." मला तो मोह झाला, खरंच झाला. पण मी म्हटलं, "बंद पडलीय. धक्का मारतोय. ठेव."

धक्का मारला तर गाडी वाळूत हलेना. हलेल कशी, अर्धी वाडी आत होती! मग सगळं उतरवलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बसले. मागून दादा, बस्त्याव आणि साडी खोचलेली सुलभा. "सोड!" ती किंचाळली. क्लच सोडला, गाडीनं एक गचका दिला आणि इंजिन धडधडलं. काय ओरडलो आम्ही! "बंद करू नका हां, तासभर फिरवा," बस्त्याव म्हणाले, आणि चालू गाडीत सगळं परत भरलं, वर फणसही.

मग आम्ही न उतरता वसई पाहिली. भुईगावचा समुद्र काचेतून, आगाशीचं भुजिंग (भाजलेलं चिकन आणि पोहे) खिडकीतून. सुलभा बोटं चाटत म्हणाली, "माझ्याच गावात मी इतकी कधी फिरले नव्हते." मी पोट दुखेपर्यंत हसले. मधूनच अभयला दिलेला शब्द आठवायचा.

रात्री सुलभाकडंच राहिले. सकाळी गाडी एका चावीत सुरू झाली आणि थेट साताऱ्यात आली. अभय दारातच उभा. दिवे लावून बॅटरी कशी ओळखली, धक्का कसा मारला, सगळं सांगून मी चावी त्याच्यापुढं धरली. "शब्द म्हणजे शब्द. विक."

त्यानं चावी घेतली नाही. "दिवे तपासून बघायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? माझी गाडी आहे."

तो बॉनेट उघडून आत वाकला आणि तिथूनच म्हणाला, "बॅटरी जुनी झालीय गं. उद्या नवी घालू."

इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत एक धपाटाच घातला.