दाखलखारीजशी न जुळणारे फॉर्म

धाकट्या नातीने परवा फोनवर तिचं काम समजावून सांगितलं. दोन कंपन्यांचे संगणक एकमेकांना माहिती पाठवतात, त्यात चुका येतात. त्यातली कोणती परत पाठवायची, कोणती थोडं थांबून पुन्हा पाहायची, हे ती ठरवते. मी म्हटलं, हे मी अकोल्यात केलंय. तिला थट्टा वाटली, म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर अकोल्याच्या एका शिक्षण कचेरीत लागले. हिवाळ्यात आसपासच्या शाळांकडून मॅट्रिकचे फॉर्म येत. फॉर्म विद्यार्थ्याने भरलेला असे, आणि सोबत शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, म्हणजे मूल शाळेत आलं त्या दिवशी लिहिलेलं नाव, जन्मतारीख, जात, धर्म. दोन्ही ताडून पाहायचं आणि जुळलं की नागपूरला परीक्षा मंडळाकडे धाडायचं.

मी येण्याआधी न जुळणारा प्रत्येक फॉर्म ‘जुळत नाही’ एवढाच शेरा मारून परत जाई. काय जुळत नाही ते मुख्याध्यापकांनी शोधायचं. फॉर्म आठवडाभर टपालात फिरे आणि बहुधा तीच चूक घेऊन पुन्हा येई. मी टेबलावर ढीग वेगळे केले. उतारा अजून टपालात असेल, तर फॉर्म दोन दिवस नुसता थांबवायचा. सही राहिली किंवा तारीख चुकली, तर परत. पण रकान्याचा आकडा आणि काय हवं ते स्पष्ट लिहून. आणि आमच्याच कारकुनाने नक्कल करताना घोटाळा केला असेल, तर तो आम्हीच निस्तरायचा, शाळेला त्रास नाही.

आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे बडेबाबू म्हणत, येता-जाता बघायचे. "काय बाई, मोर्शीचे संत्रे निवडून राहिल्या का?"

"हो, नासके आधी बाजूला काढते," मी म्हणाले.

थोड्याच दिवसांत परत जाणारी चळत पार खाली आली. मग बडेबाबूच इतर टेबलांना माझे ढीग दाखवू लागले.

शेवटच्या तारखेला चार दिवस असताना तेल्हाऱ्याकडचा एक माणूस आला. शेतमजूर होता. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला फॉर्म त्याने माझ्यापुढे ठेवला. तो त्याच्या मुलीचा होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘रकाना सात, धर्म. दाखलखारीजशी जुळत नाही. दुरुस्त करावे.’

"बसा," मी स्टूल पुढे केलं. तो उभाच राहिला.

"मास्तर म्हणते, जुनं लिहून दे, जुयून जाईन. पोरगी आयकत नाई. म्हणते परीक्षेले नाई बसली तरी चालन, पन आता जुनं लिवत नाई."

आदल्या वर्षीच्या दसऱ्याला घरच्यांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. मुलीने फॉर्मवर ‘बौद्ध’ लिहिलं होतं. रजिस्टरातली नोंद ती पहिलीत आली तेव्हाची.

"बाई, रजिस्टरात लिवलं तवा ते होतं," तो म्हणाला. "आता हे हाये. मंग चुकलं कोन?"

कोणीच चुकलं नव्हतं. माझ्या सगळ्या ढिगांमध्ये कोणीतरी चुकलंय हे गृहीत धरलेलं होतं.

मी फॉर्म घेऊन बडेबाबूंकडे गेले. त्यांनी चष्मा वर सारला. "हे कोन्त्या ढिगात टाकता, बाई?"

"कुठल्याच नाही. असाच नागपूरला पाठवायचा."

"अन् वापस आला तं? पोरीचं वर्ष जाईन."

"दुरुस्त करायला लावलं तरी जाणारच आहे. ती करणार नाही."

मी चिठ्ठी जोडली: दोन्ही नोंदी आपापल्या तारखेला खऱ्या आहेत, रजिस्टरात खाडाखोड नको, फॉर्म स्वीकारावा. खाली सही केली. बडेबाबूंनी ती दोनदा वाचली. "आना इकडं. तुमची सही नागपूरले कोन वयखते?" आणि माझ्या सहीशेजारी त्यांनी आपली ठोकली.

मुलगी परीक्षेला बसली. तिचं प्रवेशपत्र नागपूरहून आलं तेव्हा मीच ते तेल्हाऱ्याला रवाना केलं.

पण त्या दिवशी, त्या माणसाला निरोप दिल्यावर मी आधी जावक रजिस्टर उघडलं होतं. एक चूक आपल्या हातून झाली असेल तर तशी एकच असत नाही. रकाना सातसाठी मी आणखी सहा फॉर्म परत पाठवले होते. सहाही शाळांना तार केली: फॉर्म आहे तसा पाठवा. पाच आले. त्यांना तशाच चिठ्ठ्या जोडल्या आणि पाचही मंजूर झाले.

सहावा, बार्शीटाकळीचा, तारेच्या आधीच निघाला होता. त्यात ‘बौद्ध’वर काट मारून, शेजारी नीटस अक्षरात जुनी नोंद लिहिलेली होती. मी मुख्याध्यापकांना पत्र टाकलं, विद्यार्थ्याला विचारून कळवा म्हणून. मुदतीपर्यंत उत्तर आलं नाही. फॉर्म रोखला असता तर वर्ष गेलं असतं, म्हणून पाठवला. नागपूरने त्यावर काहीच विचारलं नाही. सगळे रकाने रजिस्टरशी तंतोतंत जुळत होते.