इंग्रजीतलं गाऱ्हाणं

"मामा, ते तुमचं करून दाखवा की," मॅनेजर म्हणाला.

जेवणघरात चौतीस पाहुणे होते. डोळे कुठं ठेवायचे ते कळेनासं झालं की मी मोजतो, म्हणून आकडा लक्षात आहे. सकाळची न्याहारी चालली होती. ताटात ऑम्लेट, हातात फोन. मी दारात उभा, खांद्यावर दुर्बिणीचं स्टँड. मॅनेजर पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाला, "आमचे मामा देवाशी इंग्रजीत बोलतात." लोक आधीच हसायला लागले.

मी स्टँड भिंतीला टेकवलं आणि करून दाखवलं.

लिहायचं तर पुरतं लिहावं. हे मी एकदा नाही केलं. ती नववी वेळ होती.

कर्नाटकात गणेशगुडीजवळच्या या लॉजवर मी अकरा वर्षं आहे. नदीवर राफ्ट ओढतो, पाहुण्यांचे डबे वाहतो, सकाळी त्यांच्या पुढं जंगलात चालतो. धनेशाची ढोली कुठल्या झाडात आहे, शेकरू कुठल्या फांदीवर येतं, ते मी बोटानं दाखवतो. नाव गाईड सांगतो. गाईड बेंगळूरचा, वयानं माझ्या निम्मा. ढोल्या त्याला मीच दाखवल्या. पाहुणे आभार मानतात ते त्याचे. माझ्याकडं बघून एक बाई एकदा म्हणाली होती, "याला बोलता येत नाही का?" तेवढं इंग्रजी तेव्हाही मला कळलं होतं.

मग नियम निघाला. पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवील त्याला गाईड करणार. इथला, जोयडा तालुक्यातलाही चालेल.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. कन्नड येतं, ते इथं सगळ्यांनाच येतं. एक पुस्तक आणलं. दिवसभर राफ्ट ओढून आलेल्या माणसाचे डोळे दुसऱ्या पानावर मिटतात. दोन महिन्यांत अकरा पानं झाली आणि त्यातलं काहीच उरलं नाही.

पुस्तक ठेवून दिलं. घरापासून लॉजपर्यंत चार किलोमीटर जंगलातली वाट आहे. त्या वाटेवर मी मनानं एक पाहुणी उभी केली. म्हातारी, परदेशातली, गुडघे दुखणारी. तिला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीत बोलण्यावाचून मला इलाज नाही. इथं मुळी आहे, सांभाळा. हे किंदळाचं झाड. ही जळू, घाबरू नका, मीठ आहे. ती फार प्रश्न विचारायची. उत्तराचा शब्द आला नाही तर तिथंच थांबायचं, हा नियम मीच घातला होता. कधी पंचावन्न मिनिटांची वाट सव्वा तासाची व्हायची. त्या बाईला मी एकदाही पडू दिलं नाही.

शब्द जमले, पण सलग पाच मिनिटं बोलणं जमेना. तीन वाक्यं झाली की डोकं रिकामं व्हायचं.

मला सलग बोलता येत नाही असं मात्र नाही. आमच्या तेवीस घरांच्या गावात देवाला गाऱ्हाणं मी घालतो. आधी वडील घालायचे. पेरणीआधी, जत्रेआधी देवापुढं नारळ ठेवायचा आणि गावाच्या वतीनं मोठ्यानं सांगायचं. गुरं राख, पोरं राख, वाटेला गेलेल्याला परत आण. प्रत्येक मागणीनंतर थांबायचं, की अख्खं गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा." त्या होकारावर पुढची मागणी आपोआप येते. अर्धा तास बोललो तरी मी अडत नाही.

म्हणून इंग्रजीचं मी गाऱ्हाणं केलं. संध्याकाळी बायको चुलीपाशी, मी उंबऱ्यावर. मी म्हणायचो, "दिस फॉरेस्ट इज व्हेरी ओल्ड." ती भाकरी थापत म्हणायची, "व्हय म्हाराजा." "प्लीज वॉक बिहाइंड मी." "व्हय म्हाराजा." तिला अक्षरही कळत नव्हतं.

"अवो, म्या कशाकशाला व्हय म्हनाय लागलीया, त्ये तरी सांगा," ती म्हणायची. "न्हाईतर घर लिवून द्यायचासा इंग्रजीत."

पाच महिन्यांत बावीस वाक्यं पाठ झाली. एकही अडत नव्हतं.

परीक्षेच्या खोलीत टेबलामागं मॅनेजर धरून तिघे होते. पहिलं वाक्य बोललो आणि सवयीनं थांबलो. होकार आला नाही, तसं दुसरं वाक्य आलं नाही. मग मीच पुटपुटलो, "व्हय म्हाराजा." लगेच दुसरं आलं. पुन्हा थांबलो, पुन्हा मीच म्हणालो. सूरही तोच लागला, देवापुढचा. नवव्या वाक्याला त्यांनी तोंडावर हात धरले. बाराव्याला एकानं फोन वर केला. चौदाव्याला मॅनेजर म्हणाला, "बास, बास मामा. पोट दुखलं."

राहिलेली आठ वाक्यं कुणी ऐकली नाहीत. निकालही कुणी सांगितला नाही. मी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, "बघू की."

आठवड्यानं जेवणघरात बोलावलं. पाहुण्यांना आवडेल, म्हणाला. मी केलं. का केलं? वाटलं, निदान इंग्रजी बोलायला तर मिळतंय. वाटलं, कुणीतरी म्हणेल की याची वाक्यं बरोबर आहेत. आठ वेळा केलं. तसं कुणी म्हणालं नाही.

मधे पेरणी आली. देवळात मी गाऱ्हाणं घातलं, थांबलो, गावानं होकार भरला. त्या होकारात मला जेवणघरातलं हसू ऐकू आलं. पुढची मागणी जिभेवर येईना. माझ्या हयातीत पहिल्यांदा मी देवापुढं अडलो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "दमला असंल." मी मान हलवली. खोटं नव्हतं. दमलोच होतो.

आता ती नववी वेळ. पाहुण्यांसमोर चूल मांडून नाचणीची भाकरी करून दाखवायचं लॉजनं नवीन काढलं होतं. त्यासाठी माझ्या बायकोला बोलावलं होतं. मी काय करून दाखवतो ते तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

मी पहिलं वाक्य बोललो. मॅनेजरनं पाहुण्यांना होकार आधीच शिकवून ठेवला होता; त्यानं हात वर करून खूण केली. चौतीस जणांनी भरल्या तोंडानं म्हटलं, "व्हय म्हाराजा." टाळ्या वाजल्या. गाईड सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

बायकोचा थापता हात थांबला.

"अक्का, तुम्ही पण म्हणा की," मॅनेजर म्हणाला.

ती उठली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "हितं न्हाई म्हनायचं त्ये."

"का हो? गंमत आहे."

"हितं देवबी न्हाई आन् गावबी न्हाई. कुनापुढं म्हनू?"

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हा माणूस कोण, असं पाहिलं. अकरा वर्षांत कुठल्या साहेबाच्या ओरडण्यानं वाटली नव्हती ती लाज त्या बघण्यानं वाटली.

मॅनेजर मला म्हणाला, "मामा, चालू द्या."

"आय विल नॉट डू इट," मी म्हणालो. "दिस इज अवर प्रेयर. यू आर लाफिंग."

मधे थांबलो नाही. ही वाक्यं पाठ केलेल्या बावीसमधली नव्हती.

हसणं लगेच बंद पडलं असं नाही. मागच्या टेबलावरच्या दोघांना तोही खेळाचा भाग वाटला, ते टाळ्या वाजवत राहिले. बायकोनं हात धुतले. तव्यावरची भाकरी करपली. आम्ही बाहेर आलो.

तिला पुन्हा बोलावलं नाही. मला सकाळच्या फेरीवरून काढून पूर्ण वेळ राफ्टवर टाकलंय. या वयात पाठ धरते. वाटेनं येताना पाहुणी अजून सोबत असते, पण हल्ली तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. तरी देतो.

पावसाळ्यानंतर परीक्षा पुन्हा आहे. मी नाव दिलंय. पोच मागितली, ती सही घेऊन ठेवलीय. नापास केलं तर कारण कागदावर लिहून मागणार. जेवणघरात, शेकोटीला, कुणाच्या फोनपुढं यापुढं एक शब्द बोलणार नाही. परीक्षेच्या खोलीत मात्र माझ्याच सुरात बोलणार, होकार मनात भरणार. हसले तर थांबेन. त्यांचं हसून होईपर्यंत उभा राहीन, मग पुढचं वाक्य बोलेन. बाविसावं झाल्याशिवाय मी त्या खोलीतून बाहेर येणार नाही.