अध्यक्षांचा वाढदिवस आणि काकांचं स्टेटस

अमरावतीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे संस्थेची मर्जी असेतोवर प्राध्यापक, नंतर बेकार. यंदा अभ्यासक्रमात एका काल्पनिक देशाची कादंबरी आहे. तिथं घराघरांत हुकूमशहाचा फोटो आणि त्याच्याकडं बघून हसायची सक्ती. पोरं म्हणाली, असं कुठं असते काय सर? मी म्हटलं, नाही बाप्पा, आपल्याकडं लोकशाही आहे.

आपल्याकडं फक्त संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस असतो. त्या दिवशी प्रत्येकानं त्यांचा फोटो स्टेटसला ठेवायचा आणि स्क्रीनशॉट कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा. सक्ती अजिबात नाही. न टाकणाऱ्याला पुढच्या वर्षी तास मिळत नाहीत, एवढंच.

यंदा नेमके आदल्या दिवशी बार्शीटाकळीला माझे काका वारले. बाप लवकर गेला, मला याच माणसानं वाढवलं, शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मसणातून आल्यावर मी त्यांचा फोटो स्टेटसला टाकला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मग नोकरी आठवली. काकांच्या मागोमाग अध्यक्षांचाही टाकला, गळ्यात भला मोठा हार असलेला. झालं! अकोल्याच्या मामांना वाटलं, दोघंही गेले. शुभेच्छा लिहिल्या होत्या, पण वाचतं कोण? हार दिसला, पुरे. त्यांनी 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' लिहून अध्यक्षांना सगळ्या ग्रुपांवर फिरवलं. दुपारपर्यंत ते अमरावतीला पोचलं.

प्राचार्यांचा फोन आला. आवाज एकदम गोड. अध्यक्ष नाराज आहेत, पुढच्या वर्षीच्या तासांचं बघावं लागेल, म्हणाले. उपाय सोपा होता. अध्यक्ष राहू द्यायचे, काकांना काढायचं.

"काका काय, उद्याही गेलेलेच राहतील," प्राचार्य म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. फोटो निघणार नाही, म्हणालो आणि फोन कापला. स्वतःचाच मोठा अभिमान वाटला.

काकू भिंतीला टेकून बसली होती. कोणाचा फोन, तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता प्राचार्यांचा उद्धार होणार. ही बाई सरपंचालाही तोंडावर सुनवायची.

"काढून टाक फोटो," ती म्हणाली. "त्यायनं तुले शिकवलं कायच्यासाठी? नोकरीसाठीच ना?"

आणि मी काढेपर्यंत माझ्या मोबाइलकडं बघत बसली.