तारेजवळची हालचाल

पवनारच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबे उघडून बसलो होतो. शिपाई खडूची खोकी घेऊन बसस्टँडवरून आला आणि दारातच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"काऊन रे, काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हॉटेलातल्या टीव्हीवर सांगून राह्यले बाई. सीमेवर गोळीबार झाला म्हणते. आपल्या वर्धा जिल्ह्यातला एक जवान गेला."

"नाव काय सांगितलं?"

"नाव नाई सांगतलं."

माझे यजमान तेव्हा सीमेवर होते. खोलीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. मग एक जण मला धीर द्यायचा म्हणून म्हणाली, "अगं, घरच्यांना कळवल्याशिवाय नाव नाही सांगत ते." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला त्यातून वेगळंच ऐकू आलं. घरची म्हणजे मीच होते. मी तर इथं पवनारला पोळी हातात धरून बसले होते. नालवाडीच्या घराला कुलूप. म्हणजे कळवायला कुणी आलंच असेल, तर ते आत्ता त्या कुलपासमोर उभं असेल.

स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून त्यांच्या तुकडीचा नंबर लावला. सात-आठ वेळा लावला. लागला नाही. बूथवाला एरवी न लागलेल्या फोनचाही रुपया घ्यायचा, त्या दिवशी घेतला नाही, त्याचीही मला भीती वाटली. वर्ध्याची बस मिळाली. खिडकीतून धाम नदी दिसली, पूल गेला, आणि मी एकच गोष्ट स्वतःला बजावत होते की घरासमोर कुणी नसेल.

घरासमोर माणसं होती. चार-पाच जण. शेजारची म्हातारी आजी, तिचा मुलगा, पलीकडच्या ओळीतले दोघे-तिघे. मला येताना पाहून ते बाजूला सरले, वाट करून दिली. मी फाटकाला धरून उभी राहिले.

"काही कळलं नाई वहिनी," आजीचा मुलगा घाईनं म्हणाला. "आमीही टीव्हीवरच ऐकलं. तुमी एकट्या नको म्हणून आलो."

फोन आजीच्या घरीच होता. तीन तास मी त्या फोनच्या समोर बसले. माझी मुलगी शाळेतून आली, तिला आजीनं जवळ घेतलं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो उचलायची माझी हिंमत झाली नाही. आजीच्या मुलानं उचलला आणि माझ्या हातात दिला.

"मी आहो," पलीकडून आवाज आला. "मी बरा आहो. आपला आर्वीवाला गेला."

मी विचारलं, "कसा?" पण तोवर त्यांनी ठेवून दिला होता.

मी खाली बसले आणि रडले. ते रडणं सुटकेचं होतं. आर्वीकडच्या त्या घरात त्याच वेळी काय चाललं असेल, हे माझ्या डोक्यात आलं ते बऱ्याच वेळानं. त्याची लाज मला अजून आहे.

त्या आर्वीवाल्याला मी ओळखत होते. तो यांच्याच तुकडीत होता, यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. सुट्टीवर आला की गावाकडची संत्री थैलीभर घेऊन यायचा आणि परत जाताना यांच्यासाठी माझ्याकडून लोणचं, तिळाचे लाडू घेऊन जायचा. एकदा दोघांची सुट्टी जुळून आली होती. ते दोघं आमच्या पडवीत बसून वाद घालत होते, तो वाद मला चांगला आठवतो.

आमचं लग्न नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. तेव्हा हे पंजाबच्या सीमेवर होते. तिथं काटेरी तारांचं उंच कुंपण होतं आणि यांचं काम म्हणजे त्याच्या काठाकाठानं चालायचं, तार कुठं ढिली झाली का, खाली कुठं माती उकरली का, ते बघायचं. घरी यायचे तेव्हा हातांवर ओरखडे असायचे. पुढे दुसरीकडे बदली झाली, दोन हजार साल उलटलं, आणि तिथं यंत्र आलं. बारावी सायन्स झालेले म्हणून त्याच्या प्रशिक्षणाला यांना निवडलं. दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, माणसाच्या अंगाची ऊब त्यात पांढरी दिसते, असं ते मला समजावून सांगायचे. त्यांना त्याचा अभिमान होता.

"तार कापायले काय लागते?" हे त्या दिवशी पडवीत म्हणाले. "पक्कड असली का झालं. मशीन दुरूनच सांगते, कोणी येऊन राह्यलं म्हणून."

आर्वीवाला संत्रं सोलत होता. "मले तर तारच बरी वाटते भाऊ. तार कापली का कापलेली दिसते. तुमच्या मशीनमंधी सगळे भुतावानी दिसते. बकरी कोणती अन् माणूस कोणता, काय समजते?"

"समजते. सवय लागते."

"तुमाले समजलं म्हणजे झालं. सामोर तर आमालेच जा लागते." असं म्हणून तो हसला होता आणि माझ्या मुलीच्या हातावर त्यानं फोडी ठेवल्या होत्या.

तो गेला डिसेंबरात. जानेवारीत हे सुट्टीवर आले.

पहिल्याच दिवशी मला कळलं की हे आपले नेहमीचे नाहीत. जेवताना भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसायचे. मुलगी मागून येऊन गळ्यात पडली तर एवढे दचकले की ती रडायला लागली. फाटक वाजलं की उठायचे, पण बाहेर जायचे नाहीत. मला म्हणायचे, "कोण आहे, पाह्य बरं." दूधवाला रोजचाच होता. त्यालासुद्धा ते ओळखत नसल्यासारखे टक लावून बघत राहायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून लोखंडी अँगल आणि काटेरी तारेची बंडलं आणली.

नालवाडीतला आमचा तो भाग तेव्हा नवीन होता. निम्मे प्लॉट रिकामे, मागे तुरीचं शेत. पुढचं फाटक सोडलं तर कुणाच्याच घराला कंपाउंडची भिंत नव्हती. माणसं एकमेकांच्या अंगणातून ये-जा करायची. शेजारची आजी रोज सकाळी आमच्या मागच्या बाजूनं येऊन पूजेसाठी जास्वंदीची फुलं तोडून न्यायची. यांनी त्या सगळ्याला तार घातली. काळ्या मातीत खड्डे करून अँगल रोवले, आधी चार पदर ओढले, मग मध्ये आणखी चार. त्यावर रिकामे डबे टांगले. कुणी हात लावला तर वाजावेत म्हणून.

"बापू, इथं कोण घुसते?" आजीच्या मुलानं विचारलं. हे डबे टांगत राहिले.

मी म्हटलं, "अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तार असली का मले ठरवावं नाई लागत."

काय ठरवावं लागत नाही, हे मी विचारलं नाही. मला यांची भीती वाटायला लागली होती, आणि नवऱ्याची भीती वाटते हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलीला मी माझ्या पलीकडच्या कडेला झोपवायला लागले.

मग ती सकाळ आली. आमच्याकडे एवढं धुकं फारसं पडत नाही, पण त्या दिवशी पडलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची तूर दिसत नव्हती. मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. तेवढ्यात मागे डबे वाजले.

मी बाहेर आले. हे मागच्या पायरीवर उभे होते आणि त्यांच्या हातात कुदळ होती, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. तारेपाशी काहीतरी हलत होतं. जमिनीलगत, वाकलेलं, करड्या रंगाचं. पुढे सरकायचं, थांबायचं, परत मागे व्हायचं. डबे वाजत होते.

"कोण आहे?" मी ओरडले. उत्तर आलं नाही.

"बोलू नको," हे म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "काय आहे ते? सांग मले, माणूस आहे का जनावर आहे?"

"मला नाही दिसत."

"सांग ना! माणूस आहे का जनावर?"

कुदळीचं पातं हलत होतं. मुलगी आतून "आई" म्हणून हाक मारत होती. ती बाहेर आली तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी यांच्या समोरून खाली उतरले. पाठ त्यांच्याकडे करून अनवाणी चालत गेले. पंधरा-वीस पावलं असतील. ती पावलं टाकताना मला समोरच्या वस्तूची भीती नव्हती. भीती पाठीची होती.

जवळ गेले तर आजी. तिच्या लुगड्याचा पदर तारेत अडकला होता, दंडात काटा खोल रुतला होता. रोजच्यासारखी फुलांना म्हणून ती तारेखालून वाकून यायला गेली होती. तिला ऐकू येत नसे. मला पाहून ती ओशाळल्यासारखी हसली.

"फुलं नेऊ म्हटलं बाई," ती म्हणाली. "अटकली पाह्य मी."

मी मागे वळून ओरडले, "आजी आहे! अहो, आजी आहे!" कुदळ खाली पडल्याचा आवाज आला.

तार जुनी नव्हती, पण जखम खोल होती. आजीच्या मुलानं ऑटो आणला आणि आम्ही तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. हेही आले. आजीला आत टाके घालत होते, तेव्हा आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. समोरून पेशंट, नातेवाईक, चहाच्या किटल्या जात होत्या. त्या गर्दीत हे अचानक बोलायला लागले. माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी मशीनवर मी होतो," ते म्हणाले. "असीच धुई होती. धुई दाट असली का मशीनलेही नीट नाई दिसत. त्याच्या आधी आठ दिवस मी माणूस म्हणून सांगतलं होतं. गोळ्या चालवल्या. जाऊन पाह्यलं तं वासरू. सगळे हसले मले. जेवताना हंबरून दाखवे मले."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मंग त्या दिवशी तारेजवळ हलताना दिसलं. खाली वाकून चालून राह्यलं होतं. मले वाटलं, आता अजून हसन सगळे. मी सांगतलं, जनावर आहे. आर्वीवाला पाहाले गेला. मी जनावर म्हणलं म्हणून तो बंदूक खांद्यावरच ठेवून गेला."

तुमची चूक नव्हती, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते मला खरं माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आपण त्याच्या घरी जाऊन येऊ."

त्या रविवारी आम्ही आर्वीच्या बसनं गेलो. वाटेत दोनदा हे म्हणाले, परत जाऊ. दोनदा मलाही तेच वाटलं. गावात घर शोधावं लागलं नाही, शहीद म्हणून त्याच्या नावाचा फलक लागलेला होता. त्याची बायको माझ्याहून बरीच लहान होती. तिनं पाणी दिलं. म्हातारी सासू आत खाटेवर होती.

"तुमी होते का तिथं?" त्याच्या बायकोनं यांना विचारलं.

"होतो," हे म्हणाले. आणि मग, मी मनात नको नको म्हणत असताना, त्यांनी सगळं सांगितलं. वासराचंही सांगितलं.

ती ऐकत राहिली. हातातला पेला तिनं खाली ठेवला नाही. मला वाटलं, आता ती ओरडेल, आता हाकलून देईल. तिनं एकदा आत बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हे माह्या सासूले नका सांगू. तिले वाटते, तो सामोर जाऊन लढला."

"नाई सांगत," हे म्हणाले.

"अन् आता जा तुमी. पोरगं येईन खेळून."

आम्ही निघालो. तिनं क्षमा केली असं मी म्हणणार नाही. ती फाटकापर्यंतही आली नाही. बसमध्ये यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि वर्धा येईपर्यंत ते गाढ झोपले. माझा खांदा बधिर झाला, तरी मी हलले नाही.

सुट्टी संपायच्या आधी त्यांनी आजीच्या बाजूची तार काढली. बाकीची राहू दिली. परत गेल्यावर त्यांनी यंत्रावरचं काम नको म्हणून अर्ज केला. आधी साहेबांनी नाकारला, मग डॉक्टरनं तपासलं, आणि उन्हाळ्यात त्यांना कुंपणाच्या फाटकावर टाकलं. तारेपलीकडे ज्यांची शेतं आहेत ते शेतकरी सकाळी तिथून जातात आणि संध्याकाळी परत येतात. यांनी पत्रात लिहिलं होतं की एकेकाचा पास पाहतो, चेहरा पाहतो, सगळं हाताच्या अंतरावर असतं. आता झोप लागते.

मी ते पत्र आजीच्या मुलाला वाचून दाखवलं. "चांगलं झालं वहिनी," तो म्हणाला. मीही हो म्हटलं. पण घरी येऊन विचार करत बसले. एवढ्या लांब कुंपणात उघडी अशी तीच एक जागा, आणि हे नेमके तिथं उभे. उलट टपालानं मी लिहिलं की आम्ही खुशाल आहोत, मुलगी पाचवीत गेली, आणि तुम्ही फाटकाच्या अगदी समोर उभे राहू नका, जरा बाजूला राहा.